लाल डोळेवाल्यांनी बाहेर बसावे

आमचे आबा वारले तेव्हा घरात रडायला बंदी होती, आणि ती बंदी मी घातली होती.

कारण आईचा डोळा. एका डोळ्यानं तिला कधीपासून नुसता उजेड-अंधार कळायचा. उरलेल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं आणि त्याच आठवड्यात आबा गेले. त्यात तालुक्यात डोळे येण्याची साथ! "जपा. संसर्ग झाला तर हाही डोळा जाईल," डॉक्टरांनी बजावलं होतं. आता संसर्ग म्हणजे काय, हे घरात एकट्या मलाच ठाऊक. खानदानातला पहिला पदवीधर मी (बी.एस्सी., पहिला वर्ग, आबा हे बसमध्ये शेजारी बसणाऱ्यालाही सांगायचे).

आमच्याकडे बायका दारावर, म्हणजे दुखवट्याला, येतात त्या गल्लीच्या तोंडापासून हेल काढून रडत. आल्या की गळ्यात पडायचं, गालाला गाल लावायचा आणि एकाच पदरानं दोघींचे डोळे पुसायचे. जंतूंना याहून थेट गाडी कुठली मिळणार! मी साबण-बादली घेऊन ओट्यावर उभा राहिलो.

पहिली आली पिंपळनेरची आत्या, आबांची धाकटी बहीण. तिला सगळे अक्का म्हणतात. डोळे लालबुंद.

"अक्का, सकाळी पापण्या चिकटतात का?"

"काय?"

"डोळे लाल दिसताहेत तुझे."

"मना भाऊ गया रे! डोया लाल नही होतीन त काय हिरवा होतीन?"

मुद्दा बरोबर होता. साथीचा लाल कोणता आणि दुःखाचा लाल कोणता, हे कॉलेजात कुणी शिकवलंच नव्हतं. मग मी सरसकट नियम केला: लाल डोळे बाहेर, पांढरे आत!

झालं! अक्का ओट्यावर. आबांचे लहानपणचे सोबती ओट्यावर. आबांना खांदा दिलेली माणसं झाडून ओट्यावर! आणि आत आईसमोर मानानं कोण बसलं? शेजारच्या शेताचे नाना, ज्यांनी बांधावरून आबांना कोर्टात खेचलं होतं. डोळे कसे, धुतलेल्या काचेसारखे! वर चहात साखर कमी आहे म्हणाले.

आई काळा गॉगल लावून भिंतीशी बसलेली. मी जवळ गेलो की हळूच विचारायची,

"भाऊ, आते रडू का?"

"अजून नाही, आई."

"बरं."

वर्गातल्या पोरीनं पाणी प्यायला जाऊ का विचारावं, तसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी नाही म्हणायचो. डोळा वाचतोय, एवढंच मला दिसत होतं.

दहावं झाल्यावर तिला तपासणीला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी डोळा पाहिला. "छान! अगदी स्वच्छ."

"एक थेंब रडू दिलं नाही डॉक्टर!" मी छाती काढून म्हणालो.

"रडायला मी कुठं मनाई केली होती? चोळू नका म्हटलं होतं. दुसऱ्याचा रुमाल-पदर नको म्हटलं होतं."

मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागलो. आईनं मात्र डॉक्टरांकडे तोंड वळवलं. "मग रडू ना, साहेब?"

"रडा, आजी. हात तेवढा लावू नका."

आईनं गॉगल काढला. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले आणि त्या तपासणीच्या खुर्चीवर असा हेल काढला, की बाहेर डोळ्यांना पट्ट्या बांधून बसलेले पेशंट चाचपडत दाराशी आले. पाणी हनुवटीवरून पदरावर ठिबकत होतं. डोळ्याला बोट म्हणून लागलं नाही.

मीही रडलो. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच, दोन्ही मुठींनी डोळे चोळत.

"अहो, हात!" डॉक्टर ओरडले.

आईनं मांडीखालचा एक हात काढून माझं मनगट धरलं आणि हेल न थांबवता म्हणाली, "भाऊ, नीट रड ना रे!"

त्या साथीत आमच्या घरात डोळे आले ते एकट्या माझे. बरंच झालं म्हणायचं. आठवडाभर डोळ्यांतून धार लागलेली, आणि हे पाणी साथीचं की आबांचं, असं कुणी विचारलं नाही. मला तरी कुठं सांगता आलं असतं!