फुल रेंजचा माळ

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नाईक होतो. राजस्थान सीमेवरच्या पोस्टवर आमचे डिटॅचमेंट कमांडर सुभेदार नासीर शेख. योगायोगानं माझ्याच गावचे, अणदूरजवळचे. वायरलेस सेटवर रिपोर्ट देताना आवाज किती मोठा आणि किती साफ, हे वेगवेगळं सांगावं लागे. नुसतं 'लाउड' म्हटलं की साहेब खवळायचे.

"गाढव बी लाउड असतंय! रीडेबल हाय का?"

समोरून 'आउट', म्हणजे बोलणं संपलं, असं ऐकल्याशिवाय सेट सोडायचा नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट.

निवृत्तीनंतर दोघंही गावी आलो. शेतं बांधाला बांध लागून. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी साहेब छाती धरून बांधावर बसले. सदरा घामानं चिंब. मोटारसायकलवर बसवायला गेलो तर मान धरवेना.

फोन घेऊन मी शेजारच्या माळावर पळालो. सगळं गाव फोन लावायला तिथंच चढतं, रेंजच्या काड्या भरून येतात. रुग्णवाहिकेचा नंबर लावला. "हॅलो... कुठून... ह..." कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग लागेचना. मी रडकुंडीला आलो. टॉवरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

खालून आवाज आला, "रिपोर्ट!"

"फुल रेंज हाय, साहेब! बोलणंच कळंना!"

"फोनला लई टॉवर दिसत्यात तिथं. नुसता कालवा." ते थांबले, दम घेतला. "वढ्यात उतर. एकच दिसंल."

ऑर्डर ती ऑर्डर. ओढ्यात उडी टाकली. फोनमध्ये सिग्नल मोजायचं ॲप होतं, साहेबांनीच टाकायला लावलेलं. ताकदीचा आकडा पार घसरला होता. दर्जाचा, म्हणजे साफपणाचा, मात्र शून्याखालून वर आला होता. काड्या दोनच. पुन्हा नंबर लावला.

"बोला," बाई म्हणाली, अगदी कानाशी बसल्यासारखी. मी गाव सांगितलं, रस्ता सांगितला.

"गाडी निघाली. त्यांना चालवू नका."

"वीक बट रीडेबल, साहेब!" मी ओढ्यातूनच ओरडलो. "गाडी निघाली! ओव्हर!"

"रॉजर," साहेब म्हणाले.

वर पोचलो तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. गाडी येईपर्यंत छाती दाबत राहिलो, हात भरून आले तरी. गाडी वेळेवर आली; उशीर झाला तो माळावर, आणि तेच मला सोसत नाही.

साहेबांच्या मातीला तालुक्यातले माजी सैनिक मेडल लावून आले. गावातले लोक आता फोन करायला ओढ्यात उतरतात. मीही उतरतो. बोलणं झालं तरी जरा वेळ तिथंच उभा राहतो, कान बांधाकडं लावून.

'आउट' मी अजून ऐकलेलं नाही.