वाघाला उद्या यायला सांगा

सूर्यमाळच्या बाबल्याला ठरल्याबाहेर काही झालेलं खपत नसे. जव्हारच्या राजाची शिकार निघाली आणि हाकाऱ्यांना बोलावणं आलं, तरी हा पठ्ठ्या म्हणायचा, "आज माझा कुंपणाचा दिवस आहे. वाघाला उद्या यायला सांगा."

थोरल्या पोराचं लग्नही त्याने असंच आखलं होतं. कोण कुठे बसणार, मोहाची कोण वाटणार, सगळं ठरलेलं. मग लग्न लावणारी धवलेरी, नवशी, मांडवात आली आणि म्हणाली, "आधी तुझं नि रुपीचं लावू. आईबापाचंच राहिलंय, तर पोराचं कसं लागेल?"

आमच्याकडे आधी संसार, लग्न सवडीने. बाबल्याला चार पोरं झाली, सवड काही झाली नव्हती. तो भडकला, वाटेतलं टोपलं लाथाडलं, मांडवाबाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. कोणी समजवायला येईना, तेव्हा स्वतःच परत आला आणि घोंगडीवर बसला. "लाव बाय. पण लवकर आटप."

धवलेरीने हसून रुपीला विचारलं, "नवरा पसंत आहे ना गं?"

रुपीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आज माझ्या पोराच्या लग्नाचा दिवस आहे," ती म्हणाली. "ह्याला उद्या यायला सांगा."