फाटक्या आवाजाची संथा

आमच्या मुलीला विद्यापीठातल्या मुलांच्या बँडमध्ये गायिका व्हायचं होतं, आणि त्यासाठी तिला एका जपानी रॉक बँडचं गाणं पाठ हवं होतं. त्या बँडची गाणी इथे हिंदी मुलखात, रामघाटच्या आमच्या मराठी घरात वर्षभर वाजत होती. मला सगळी सारखीच वाटायची. आधी गायक कानात गुपित सांगावं तसा पुटपुटतो, मग गिटारी एकदम डिझेलच्या नावेसारख्या सुरू होतात, आणि शेवटी तो बिचारा ओरडतो. मी एकदा म्हटलं, "याला कुणी पाणी तरी द्या." मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज, आप रहने दीजिए."

निवडीच्या वेळी मोबाइलमध्ये बघून गायचं नाही, असं त्या मुलांनी बजावलं होतं. इथे मी शहाणपणा केला. माझे वडील, आमचे अण्णा, आयुष्यभर वेदपाठशाळेत शिकवत आले. पाठांतराचं दुकान घरातच असताना बाहेर कशाला जायचं? मी तिला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं.

आमच्याकडे पाठांतर संथेनं होतं. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. अर्थ नंतर, राहिलाच वेळ तर. अण्णांना जपानी येत नाही, म्हणून गुरूच्या जागी मोबाइल ठेवला. तो एक ओळ म्हणे, मग आजोबा आणि नात मांडी घालून दोनदा. अण्णांचं तिच्या आधी पाठ झालं.

"हा डोकं फार हलवतो," व्हिडिओ बघून ते म्हणाले. "पण उच्चार स्वच्छ आहेत."

शेवटच्या कडव्यापाशी मात्र ते थबकले. तिथे गायकाचा आवाज फाटतो.

"कंठ गेला याचा. अगं, हे असं घेऊ नकोस. इथे श्वास भर आणि सरळ ने."

तिने सरळ नेलं. मीही मान डोलावली. जपान्यांचं आपण परस्पर दुरुस्त करून दिलं, असंच मला वाटलं.

निवडीहून आली ती चप्पल न काढताच ओट्यावर बसली.

"एकही अक्षर चुकलं नाही. तर गिटारवाला म्हणतो, आरती हो रही है क्या? शेवटी आवाज फाटायलाच हवा म्हणे, लोक गाणं ऐकतात ते त्या जागेसाठी. परवा परत बोलावलंय. नाही जमलं तर दुसरी मुलगी घेणार."

"मग फाडायचा, त्यात काय?"

"कैसे? लहानपणापासून तुम्ही लोकांनी हेच तर शिकवलंय, की फाटता कामा नये!"

ती अण्णांकडे गेली. "आजोबा, आता चुकीचं म्हणायला शिकवा."

अण्णांनी मनापासून प्रयत्न केला. वर गेले, आणखी वर गेले. आवाज अखंड. "मला नाही येत गं हे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. "याला विचार. याचा फाटायचा."

खोटं नाही. पाठशाळेत वरच्या स्वराला माझा आवाज हमखास फाटे, आणि बाकीची मुलं त्या क्षणाची वाट बघत बसत. बँकेला एक कारकून मिळाला तो असा.

आम्ही गच्चीवर गेलो. "श्वास अर्धाच घे," मी म्हटलं, "आणि पूर्ण घेतलाय अशा थाटात वर चढ." मी एकदा म्हणून दाखवलं. फाटला, अगदी पूर्वीसारखा. तिने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा स्वच्छ.

शेजारच्या गच्चीवरच्या बाई वाळवण सोडून उठल्या. "भाईसाहब, घर में सब ठीक है न?"

"हाँ हाँ," मी म्हटलं, "जापानी है."

मी म्हणत होतो, ती म्हणत होती. मी आयुष्यात प्रथमच कुणाला संथा देत होतो, आणि तीही या विषयाची. ऊन कलल्यावर कधीतरी तिचा आवाज वर चढता चढता मधोमध फाटला. तिने घाबरून तोंडावर हात ठेवला. खालून अण्णा ओरडले, "आता बरोबर चुकलं!"

दुसऱ्या निवडीहून ती आली, तेव्हा घसा बसला होता.

"घेतलं," ती म्हणाली.

"फाटला?"

"फाटला. पण एक ओळ आधीच."

"अरे देवा. मग?"

"मग काय, पुढचं सगळं तसंच फाटक्या आवाजात म्हटलं. त्यांना वाटलं, मी असंच बसवलंय."

कार्यक्रमाला आम्ही येऊच नये, असं तिचं आधी म्हणणं होतं. मग परवानगी मिळाली, पण अट घालून: अण्णांनी हात वरखाली करून स्वर दाखवायचे नाहीत, आणि मी सोबत म्हणायचं नाही.