महिपतच्या हापशाला शेंदूर

तुझ्या नवऱ्यानं मागं काय ठेवलं, असं कोणी विचारलंच तर गिरजा घराकडे बघायची नाही, शेताकडे तर नाहीच. ती बोट दाखवायची बांधाकडेच्या हापशाकडे. सापगावच्या पलीकडे, डोंगराला टेकलेल्या तिच्या वाडीत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढ्याच्या वाळूत डवरे खणले आणि वाटीवाटीनं हंडे भरून डोक्यावर वाहिले. तिच्या नवऱ्यानं, महिपतनं, आपल्या भातखाचरातला तुकडा दिला, नाही नाही त्या दारांचे उंबरठे झिजवले आणि वाडीत बोरिंग मारून घेतलं. पाणी लागलं तेव्हा चिखलानं माखलेला हा बाप्या पोरासारखा ओरडत आला होता, "गो गिरजे, तुझी मान सुटली आता!"

असलं कौतुक ज्या बाईच्या वाट्याला आलं, तिनं ते पाणी तीर्थ मानलं तर नवल काय! महिपतही कमी नव्हता. म्हसा गावच्या जत्रेत दिवसभर फिरेल, पण परक्या पाण्याला तोंड लावणार नाही. घरी येऊन गिरजानं दिलेला अख्खा तांब्या रिकामा करायचा. "लोक जत्रेतनं घोंगडी आनतात, आमचा मानूस तहान आनतो," म्हणून गिरजा त्याला चिडवायची.

मग बऱ्याच वर्षांनी त्याचे पाय कुरकुरायला लागले. जरा चाललं की पोटऱ्या आवळायच्या, थांबलं की बरं वाटायचं. तळहातांवर तांदळाच्या कण्यांसारखे टणक दाणे आले. आता शेतकऱ्याचे हात काय लोण्याचे असतात? कोणी मनावर घेतलं नाही, आणि तो स्वतः तर सगळंच हसण्यावारी न्यायचा. सून रेश्मा तेवढी त्याला पाणी उकळून द्यायला लागली. भाताची झोडणी चालू असताना तो छाती धरून खळ्यात बसला, तो उठलाच नाही.

पुढच्या साली, सगळी वाडी कापणीला गेलेली असताना, पाणी तपासणारी माणसं आली. आधी भरून नेलेल्या बाटलीचा निकाल त्यांना कळला होता. त्यांनी हापशाच्या तोंडाला लाल रंग फासला. वाडीत सापडला एकटा रंगू म्हातारा, तोही कानानं ठार. "बाबा, लाल हापशापासून जपा, सगळ्यांना सांगा!" असं त्याच्या कानात ओरडून ती माणसं गाडीत बसली. झालं त्यांचं काम! रंगूनं संध्याकाळी इमानानं निरोप दिला, "हापशाला जपा म्हनालं."

या मुलखात दगडाला लाल फासलेलं दिसलं की हात आपोआप जोडले जातात. गिरजाचा तर ऊर भरून आला. तिच्या माणसाच्या कष्टाला शेवटी मान मिळाला होता. तिनं हापशापुढे नारळ वाढवला, झेंडूची माळ घातली. तिचं बघून बाकीच्या बायकाही हळदकुंकू वाहून हंडे भरू लागल्या. खोटं कशाला बोला, गिरजा तिथं पाण्यासाठी जायचीच नाही. दांडा जिथं महिपत धरायचा तिथंच ती धरायची आणि उगाच हापसत राहायची. त्या वेळेपुरता तो तिला जवळ वाटायचा.

मग तिच्याही पोटऱ्या आवळायला लागल्या. रेश्मानं तिला रिक्षात घालून शहापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, तो चढलेला. नंतर तिचे हात उलटे करून त्यांनी तळव्यांवरचे टणक दाणे बोटानं चाचपले.

"पाणी कुठलं पिता, आजी?"

"आमच्या हापशाचं. शेंदूर लावलाय त्याला."

"शेंदूर? कोणी लावला?"

"पानी तपासाय आलते, त्यांनी."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं रेलल्या. मग त्यांनी तिला कळेल असं सांगितलं. तो शेंदूर नव्हे, पिऊ नका अशी खूण आहे. त्या पाण्यात आर्सेनिक असणार, जुने लोक ज्याला सोमल म्हणतात त्याच जातीचं विष. त्याला ना वास, ना चव. घोटभर प्यायलं तर काही होत नाही, पण वर्षानुवर्षं पोटात गेलं की रक्ताच्या नळ्या आतून कडक होतात, अरुंद होतात. पायांना रक्त पुरत नाही, मग एक दिवस काळजालाही पुरत नाही.

"मी तर उकळून द्यायची," रेश्मा रडवेली झाली.

"उकळून हे जात नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं."

गिरजानं पदर घट्ट धरला. "आमच्या मानसाचं असंच झालं का वो? त्यांच्याबी पोटऱ्या आवळायच्या, हाताला असंच दानं, मंग छाती धरून गेलं."

"आता तपासता येणार नाही. पण तुम्ही सांगता त्या खुणा त्याच आहेत."

परत येताना रिक्षात तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. वाडीत सांगावं तर महिपतचं नाव विषाबरोबर घेतलं जाणार. न सांगावं तर शेजारच्या बुधीची नातवंडं तेच पाणी पिणार. तिला महिपतचा इतका राग आला की त्याला गदागदा हलवून जाब विचारावा, आणि हलवायला तो तरी हवा होता.

सकाळी हंडे घेऊन बायका जमल्या, तेव्हा तिनं हापशावरची माळ ओढून काढली. "बायांनो, ह्यो शेंदूर नाय. इख हाय म्हनून रंग लावलाय. माझा मानूस याच पान्यानी गेला. नका भरू."

बुधी खवळलीच. "अगो, जीव काढला त्यानं यासाठी! त्याचीच बायको तू, आनि असं बोलतेस?"

"त्याचीच हाय म्हनून बोलते," गिरजा म्हणाली. बुधीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि अर्धा भरलेला हंडा उपडा केला.

पलीकडच्या पाड्यावरच्या विहिरीचं पाणी त्याच तपासणीत चांगलं निघालं होतं, तसं रेश्मा पाड्यावर विचारून आली. गिरजा ठेचाळत, बसत, उठत तिथून हंडा घेऊन आली. तांब्या भरून तिनं सवयीनं ओटीवर नेऊन ठेवला, महिपत जिथं येऊन टेकायचा तिथं. मग तिला रडू आवरेना.

"अवो," ती म्हणाली, "माझ्या हातानं रोज त्येच दिलं वो मी तुमाला. आज चांगलं आनलंय, तर तुमी नाय."