हिरवो काढ

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी मालवणात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. मिक्सरची दांडी ओढली की चित्र बदलायचं, विषय संपला. मग माझ्या भागीदाराने मुंबईहून कॉम्प्युटर आणला. आता चित्रातला कुठला रंग पुसायचा आणि त्या जागी दुसरं कुठलं चित्र भरायचं, हे तो आकडे टाइप करून ठरवणार. ठरवतो कसलं, डोंबल!

तोंडवलीच्या एका लग्नात नवरा-नवरीच्या मागे निळं कापड लावायचं होतं. कसालच्या दुकानात निळं संपलेलं, म्हणून मी हिरवं आणलं. हिरवा रंग पुसला की मागे समुद्र दिसणार होता. दिसला. मांडवातल्या टीव्हीवर तो नवरीच्या मनगटांतूनही दिसला. हिरव्या चुड्याच्या जागी लाटा आणि पंजे अधांतरी! मी इथलाच माणूस, आणि चुडा विसरलो.

भागीदाराने एक आकडा टाइप केला, मशीन ढिम्म. दुसरा केला, तर समुद्र जाऊन गणपती आला, मनगटांतही गणपती. बायका कुजबुजायला लागल्या. माझं टाळकं सरकलं. मी त्याच्यावर ओरडलो, "हिरवो काढ! आधी हिरवो काढ!"

सकाळपासून मी नवरीला मान वर कर, हात पुढे कर, असे हुकूम सोडत होतो. तिने निमूटपणे हात पुढे घेतला आणि चुडा उतरवायला लागली. तिची मावशी किंचाळत धावली, "गो बाय, काय करतंस ह्यां!"

सकाळपासून मशीनने माझं एक ऐकलं नव्हतं. नवरीने पहिल्या हाकेला ऐकलं.