ब्रोनियसची सही

क्विंबी स्ट्रीटवर हेरन्स या बेसबॉल संघाने काय दिवे लावले, हे रेडिओवाला तोंड उघडायच्या आत कळायचं. रस्त्याच्या उत्तरेकडची अकरा घरं मैदानाला पाठ लावूनच उभी होती. चेंडू भिंतीपार गेला की तीस हजार माणसांची आरोळी आल्डोना पेटकसच्या ओट्यावरच्या कपबशा हलवायची, आणि मग निवेदकाला कंठ फुटायचा. सामना संपला की प्यायलेले लोक तिच्या टोमॅटोच्या वाफ्यात लघवी करून जायचे. एकदा एक गृहस्थ तिच्याच पायरीवर बसून तिच्याकडेच बिअर मागू लागले. तिने त्यांच्यावर बागेतल्या पाण्याचा पाइप सोडला.

ही बाई कशालाच भीत नसेल असं वाटेल. ती कागदाला भ्यायची. लिथुएनियात ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या मामाने गावच्या शाळेसाठी कसल्याशा अर्जावर सही केली होती. वर्षभराने रशियन शिपाई आले तेव्हा तोच अर्ज त्यांच्या हातात होता. मामाला मालगाडीत घातलं, तो परत कोणाला दिसला नाही. पुढे आई अमेरिकेत आली, तीस वर्षं राहिली, पण दाराची बेल वाजली की आधी दिवा मालवायची. म्हणायची, "कुठे सही करू नकोस गं. ते लोक नावं जपून ठेवतात."

आणि त्र्याण्णव सालच्या वसंतात हीच आल्डोना, साठीची, दारोदार फिरून लोकांच्या सह्या गोळा करत होती. कारण एकच होतं, ब्रोनियस.

ब्रोनियस तिचा नवरा. मांसाच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं राबलेला, दारात उभा राहिला तर उजेड अडवील असा माणूस. बारा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली, नजरही निम्मी गेली. इस्पितळात होता तेव्हा पलंग कुठे, दार कुठे, काही उमजेना, रात्रंदिवस रडायचा. घरी आणला, तर डावा हात भिंतीला लावून आपल्या पायांनी न्हाणीघरात गेला. तेव्हापासून भिंतीवरच्या फुलाफुलांच्या कागदावर त्याच्या बोटांची एक काळपट रेघ उमटत गेली, पलंगापासून न्हाणीपर्यंत आणि तिथून स्वयंपाकघरातल्या रेडिओपर्यंत. आल्डोना सगळं घर घासूनपुसून लख्ख ठेवायची, पण त्या रेघेला फडकं लावायची नाही. हे घर गेलं तर ब्रोनियसला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल आणि तिथे तो महिनाभरही टिकणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आणि घर जायच्याच बेतात होतं. हेरन्सच्या मालकांना गाड्या लावायला पाच मजली इमारत हवी होती, ती या अकरा घरांच्या जागेवर. जागा सक्तीने ताब्यात घ्यायचा ठराव मांडणार होता नगरसेवक डेनिस फिनर्टी. त्याला विचारल्याशिवाय त्या वॉर्डात कचऱ्याचा डबासुद्धा हलत नसे. रहिवाशांच्या हातात एकच हत्यार उरलं होतं, बाटली आडवी करायचं. मतदारांच्या चौथ्या हिश्शाने अर्ज केला, तर तेवढ्या चार गल्ल्यांपुरतं दारूबंदीचं मतदान घ्यावंच लागतं असा तिथला कायदा. मैदान त्याच चार गल्ल्यांत. बिअर नसेल तर हेरन्सचा खेळ कोण बघणार? ते इतकं वाईट खेळायचे की शुद्धीवरच्या माणसाला बघवत नसे. अर्ज टिकला तर इमारतीचा हट्ट सोडू, असं मालकांच्या माणसानेच खाजगीत कबूल केलं होतं.

सह्या हव्या होत्या दोनशे बारा, जमल्या दोनशे एकोणीस. त्यातल्या नव्वद एकट्या आल्डोनाने जमवलेल्या. एकोणतीस वर्षं शाळेच्या जेवणघरात डाव घेऊन उभी राहिलेली बाई ती. निम्म्या वॉर्डाने लहानपणी तिच्या हातचं खाल्लेलं. तिला कोण नाही म्हणणार?

चूक झाली ती पहिल्याच पानावर. गॅसवर बीटाचं सूप उकळत होतं. तिने स्वतःची सही केली आणि ओरडून विचारलं, "ब्रोनी, तुझीही करते हं?" तो रेडिओपाशी होता. "कर की," म्हणाला. तिने केली. बारा वर्षं पेन्शनच्या चेकवर, गॅसच्या बिलावर, औषधांच्या कागदांवर त्याची सही तीच करत आली होती. नवऱ्याची सही न करणारी बायको त्या गल्लीत शोधून सापडली नसती. मग सगळी पानं घेऊन ती नोटरीकडे गेली आणि हात वर करून शपथ घेतली, की या पानांवरची प्रत्येक सही ज्याची त्याने माझ्या डोळ्यांदेखत केली आहे. शपथ घेताना तिला ब्रोनियस आठवलाही नाही.

त्याची आठवण करून दिली फिनर्टीने. एका सकाळी साहेब स्वतः आले, गुडघ्यावर टोपी ठेवून स्वयंपाकघरात बसले. आल्डोनाने बटाट्याचा गरम कुगेलिस पुढे ठेवला. दुष्मन झाला तरी दारात आलेल्याला उपाशी घालवायची सवय तिला नव्हती.

"तुमच्या हाताला तीच चव आहे, मिसेस पेटकस," फिनर्टी म्हणाला. "शाळेत तुम्ही मला दोनदा वाढायचात."

"तू दोनदा रांगेत घुसायचास, डेनी."

तो खळखळून हसला. पुन्हा एक घास घेतला. मग साळसूदपणे म्हणाला, "संघाच्या वकिलांनी हरकत घेतलीय, कळलं असेल. एकेक सही तपासणार. मला तुमचीच काळजी वाटते हो. घराघरांत बायका नवऱ्याच्या नावाने सही करून टाकतात, त्यात वाईट हेतू नसतो. पण शपथ ती शपथ. एक सही खोटी निघाली तर त्या बाईची सगळी पानं रद्द. आणि पुढे फौजदारी. मला माझ्या आईच्या वयाच्या बाईला कोर्टात बघवणार नाही."

बोलता बोलता त्याची नजर ब्रोनियसकडे गेली. ब्रोनियसचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर पडला होता, कोणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. फिनर्टीने तो हात निवांत बघून घेतला.

"शुक्रवारपर्यंत पानं मागे घेता येतात," तो उठत म्हणाला. "कुगेलिस फार छान होता."

दार लागलं. आल्डोनाने त्याची बशी उचलली आणि घासत राहिली. पानं मागे घ्यावीत तर घर गेलं. नाही घ्यावीत तर नव्वद सह्या जातील, अर्ज जाईल, घर जाईल आणि वर ती तुरुंगात. मग ब्रोनियसला जेवू कोण घालणार? शेजाऱ्यांना सांगायची तिला छाती झाली नाही. शुक्रवार आला आणि गेला. तिने काहीच केलं नाही. भीतीने माणूस पळतो म्हणतात, ती जागच्या जागी थिजली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या घरातला एमिल राडिच वारला. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, हात सारखे थरथरायचे. आल्डोना त्याच्याकडे सह्यांचं पान घेऊन गेली होती, तेव्हा त्याने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं होतं आणि चार मिनिटं खपून आपलं नाव लिहिलं होतं. वर म्हणाला होता, "लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा इतका वेळ नव्हता लावला, बाई. तेव्हा लावायला हवा होता."

सुनावणी निवडणूक कार्यालयातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत होती. टेबलामागे चष्म्यातले अधिकारी, डावीकडे संघाचा वकील प्रेंटिस, मागे बाकांवर क्विंबी स्ट्रीट. फिनर्टी भिंतीला टेकून उभा होता, सगळ्यांना नावाने हाक मारून तब्येती विचारत होता. आल्डोना पुढच्या बाकावर पर्स पोटाशी आवळून बसली होती. अधिकारी एक नाव वाचायचे, कार्यालयातलं मतदाराचं जुनं कार्ड काढायचे, दोन सह्या शेजारी शेजारी धरायचे. कोणी घर बदललेलं, कोणाचं नाव यादीतच नाही. दुपारपर्यंत सहा सह्या उडाल्या. राहिल्या दोनशे तेरा.

"एमिल राडिच," अधिकारी म्हणाले.

प्रेंटिस उठला. "कार्डावरची सही बघा. वळणदार, एका दमात केलेली. आणि ही! हे कोणीतरी बनवलेलं आहे."

"ती त्याचीच आहे," आल्डोना ताडकन म्हणाली. आपण उभ्या कधी राहिलो ते तिला कळलं नाही. "मी समोर होते. त्याचा हात थरथरायचा. कार्ड चाळीस वर्षांपूर्वीचं असेल."

"त्यांना बोलावता येईल?"

"गेल्या आठवड्यात पुरलं त्याला."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "वाईट वाटतं, बाई. खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण जुळत नाही, तेवढी एक मोजता येणार नाही. रद्द."

दोनशे बारा. आता एकही जाऊन चालणार नव्हतं. आल्डोना अजून उभीच होती, आणि अधिकाऱ्यांनी हरकतींच्या यादीतलं शेवटचं नाव वाचलं.

"ब्रोनियस पेटकस."

प्रेंटिसने फिनर्टीकडे पाहिलं, फिनर्टीने बुटाकडे. प्रेंटिस सावकाश म्हणाला, "या गृहस्थांचा उजवा हात बारा वर्षं निकामी आहे. ही सही त्यांची असूच शकत नाही. आणि ही पानं याच बाईंनी शपथेवर दिली आहेत."

आल्डोनाच्या डोळ्यांपुढे मामाचा अर्ज आला, मालगाडी आली. आता सांगून टाकावं आणि सुटावं, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलं. अधिकाऱ्यांनी हाताने थांबवलं आणि कार्ड पुढे ओढलं. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मग भिंग घेऊन बघितलं.

"मिस्टर प्रेंटिस, गंमत करताय काय? अक्षर न् अक्षर जुळतंय. कार्ड तीनच वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे हात गेल्यानंतरचं. डाव्या हाताने करत असतील. सही ग्राह्य. बसा बाई."

आल्डोना बसली. तेव्हा तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वी नवी मतदार कार्डं टपालाने आली होती. एमिलने आपलं भरून पाठवलंच नसणार, पण तिने गॅसच्या बिलाबरोबर तीही सहीसकट भरून टाकली होती, स्वतःचं आणि ब्रोनियसचं. सरकारदरबारी ब्रोनियसची सही म्हणून जी होती, ती सगळी तिचीच होती. एमिलची खरी सही उडाली आणि तिची खोटी सही टिकली, त्या एका सहीवर अर्ज टिकला. मागे लोक ओरडत होते, मिठ्या मारत होते. कोणीतरी तिच्या गालाचा मुका घेतला. फिनर्टीने जाताना टोपी उचलली आणि हळूच म्हणाला, "अभिनंदन, मिसेस पेटकस. हे कार्ड मी नीट जपून ठेवायला सांगतो."

ती घरी आली तेव्हा चार वाजले होते. ब्रोनियस टेबलाशी बसला होता, रेडिओ बंद. डाव्या हातात पेन्सिल, आणि समोर जुन्या पाकिटांचा ढीग. पाकिटांच्या पाठीवर, कोपऱ्यांत, जिथे जागा मिळेल तिथे एकच नाव लिहिलेलं होतं. अक्षरं मोठाली, वर चढत जाणारी, एक दुसऱ्याला धडकणारी.

"ये, आल्दुते," तो म्हणाला. घरात तो तिला याच नावाने हाक मारायचा. "तो डेनी माझ्या हाताकडे बघत होता ना, ते मला दिसलं. अर्धा आंधळा आहे, पूर्ण नाही. तू बाहेर गेलीस की बसायचो. म्हटलं, त्यांनी कोणाला घरी धाडलं तर त्यांच्या नाकासमोर करून दाखवीन. बघ तरी. येते की नाही?"

आल्डोनाने एक पाकीट उचललं. बारा वर्षांत नवऱ्याच्या हातचं अक्षर तिने पाहिलं नव्हतं. ती बघत राहिली, आणि तिला रडू आवरेना.

"एवढी वाईट आलीय?"

"फार सुंदर आलीय," ती म्हणाली. कार्डावरच्या सहीशी यातलं एकही अक्षर जुळत नव्हतं.

तिने सगळी पाकिटं गोळा केली, गॅस पेटवला आणि एकेक ज्योतीवर धरून सिंकमध्ये टाकायला लागली.

"अगं, एक तरी ठेव," ब्रोनियस म्हणाला.

"नाही रे ठेवता येत." तिने त्याच्या डाव्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "घर राहिलं, ब्रोनी. पण आता तू कुठे सही करू नकोस. कधीच करू नकोस. ते लोक नावं जपून ठेवतात."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. बाहेर शेजारी असतील, पेढ्यासारखं काहीतरी गोड घेऊन आले असतील, हे तिला कळत होतं. तरी तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि दिव्याचं बटण चाचपू लागला. दिवा लागलेलाच नव्हता.