एकट्या माणसाला मागलं दार

बायको गेली आणि वर्षभरात मुंबईच्या मुलाने चिऱ्याचं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. मी हरकत घेतली नाही. एकच सांगितलं, मागलं दार होतं तिथेच पाहिजे. तिथल्या पायरीवर बसून ती मासे साफ करायची, मासेवालीशी भांडायची. मासेवाली अजून मागल्याच दारी येते. सवयीने "वयनी गोऽ" म्हणते, मग जीभ चावते. बायकोला हाक मारणारं आता तेवढंच एक माणूस उरलंय.

इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला. पोरगा हुशार, पण बुटांसकट ओटीवर चढला. म्हणाला, "आजोबा, हल्ली घर आधी कम्प्युटरात बांधतात. भिंती, वायरी, पाइप, सगळं. काय कशाला आडवं येतं ते एआय आधीच लाल करून दाखवते."

दाखवलं. सगळं घर पांढरंफटक, आणि माझं मागलं दार लालभडक.

"संडासाचा पाइप इथूनच जातो. शिवाय घरात माणूस एक, तर दारं दोन कशाला, असं ती सुचवते."

"तिला विचारलं कोणी?"

मुलगा मुंबईहून फोनवर ऐकत होता. "बाबा, ती ढीगभर घरं बघून शिकलेय."

"त्यातल्या एकात तरी बांगडे आले होते का? का पाहुण्यांच्या चपलांवरनं पुढल्या दाराने नेऊ?"

तेवढ्यात मला पडद्यावरच्या स्वयंपाकघरात एक बाई दिसली. पँट घातलेली, ओट्यापाशी उभी राहून हसत होती. रांधताना हसणारी बाई मी जन्मात बघितली नव्हती.

"ही कोण?"

"डमी आहे, आजोबा. जागेचा अंदाज यावा म्हणून एआय माणसं घालते."

म्हणजे माणूस एकटा म्हणून दार काढून घेते, आणि वर बाई फुकट देते! बायको मेलेल्याची याहून जास्त सोय कोण करणार?

"हिला उचल आणि मागल्या पायरीवर बसव," मी म्हटलं.

त्याने बरीच खटपट केली. बाई पायरीवर गेली, पण उभीच.

"बसलेली नाहीये यात, आजोबा. सगळ्या उभ्याच आहेत."

"मग ने तिला तुझ्या घरी. आणि पाइप वळव."

 मग फोनवरनं मुलगा इंजिनिअरला म्हणाला, "वळवा हो पाइप. आई तिथेच बसायची."

नवं घर झालं. पाइपाचं मिटलं, पण एकट्याला दोन दारं म्हणून मशीन ते दार अजून लालच दाखवते म्हणे. दाखवू दे. काल मासेवाली नव्या पायरीशी आली, हाक मारली, जीभ चावली. मी बांगडे घेतले. भांडूनही बघितलं. बायकोसारखं जमलं नाही.